दोघांत एक रिमोट

३० जून २०२५, सोमवार

आज गणराजचा हात गेला. उजवा. अंगठा राहिला, चार बोटं गेली.

ही डायरी आम्हाला स्प्रिंगा पुरवणाऱ्या वेंडरने जानेवारीत दिली होती. सहा महिने कोरीच पडून होती. आज घरी आलो तर जयमालाने विचारलं, "जेवत का नाही?" बायकोला सांगायला तोंड उघडेना, म्हणून इथे लिहायला बसलो.

गणराज आणि मी संत तुकाराम नगरात एकाच जिन्यावर वाढलो. त्याचे वडील हिंदुराव कराडकडचे, माझे लातूरचे, दोघेही पिंपरीत कामगार. आता मी चाकणला एका कंपनीत प्रेसच्या लाइनचा सुपरवायझर आहे आणि गणराज माझ्याच लाइनवर ऑपरेटर. त्याला मीच लावला होता.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की आपोआप ते साच्याच्या बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून पोरं एक बटण सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने आवळून बांधतात. मग एका हाताने बटण मारायचं आणि दुसऱ्याने पत्रा आत सारायचा. माल भराभर पडतो. चाकणात कुठेही जा, हेच दिसेल.

महिनाअखेर होती. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या लाइनचं नाव घेतलं. मी येऊन एवढंच म्हणालो, "काहीही करा, पण आजच्या गाडीत माल भरला पाहिजे." प्रत्येक सुपरवायझर हेच म्हणतो. यात बटण बांधा असं कुठे आलं?

बोटं गेली तेव्हा गणराज ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला.

१ जुलै, मंगळवार

प्रेस सकाळपासून चालू आहे. रात्रपाळीने धुऊन ठेवला होता. लाइनवरच्याच ज्योतीरामला त्यावर उभा केलाय. बटण बांधायचा ट्यूबचा तुकडा साहेबांनी पुरावा म्हणून पिशवीत भरून नेला. ट्यूब माझ्या मुलीच्या, दिव्याच्या जुन्या सायकलची होती. मीच घरून आणून टूलच्या कपाटात ठेवली होती, पॅकिंगला उपयोगी पडते म्हणून. घरी असती तर नाहीतरी भंगारातच गेली असती.

४ जुलै, शुक्रवार

दवाखान्यात जाऊन आलो. गणराजचा हात पांढऱ्या बोचक्यासारखा उशीवर ठेवला होता. मला बघून हसला. म्हणाला, "निऱ्या, आता सिक्सर कोण मारणार रे?"

इतक्या वर्षांनी त्याला ते आठवलं याचं मला बरं वाटलं.

आमच्या इमारतीत पहिला टीव्ही गेम माझ्या वडिलांनी आणला. बोनसचे पैसे होते. सोबत एकच कॅसेट, बेसबॉलची. बेसबॉल म्हणजे काय हे सबंध कॉलनीत कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे आम्ही त्याचं क्रिकेट करून टाकलं. मैदानाबाहेर चेंडू गेला की सिक्सर. चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या चौकोनांना आम्ही घरं म्हणायचो, पहिलं घर, दुसरं घर. तीनदा चुकलं की आउट का, हे कुणी विचारलं नाही. मशीन म्हणतंय ना आउट, मग आउट.

दुसऱ्या रिमोटची वायर उंदराने कुरतडली. तेव्हा आमचा नियम झाला, दोघांत एक रिमोट. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. मी डावीकडून दिशा द्यायचो आणि गणराज उजव्या अंगठ्याने बटणं मारायचा. मांडीला मांडी लावून बसायचो, रिमोट दोघांच्या गुडघ्यांवर. त्याचा अंगठा म्हणजे काय अंगठा होता. चेंडू निघायच्या आधीच त्याला कळायचं. आमच्या जोडीला कुणीही उठवू शकलं नाही. पुढे सगळ्या इमारतींमध्ये दोघांत एक रिमोट असंच खेळायला लागले, ज्यांचे दोन्ही रिमोट धड होते तेसुद्धा.

एक युक्ती मात्र माझी. एका बटणाच्या फटीत आगकाडी खोचली की ते दाबलेलंच राहतं आणि आपली माणसं सारखी पुढच्या घराकडे पळत राहतात. गणराजला ते आवडायचं नाही. "हे खेळणं न्हाई, ही चोरी हाय," म्हणायचा आणि काडी उपटून टाकायचा. मी परत खोचायचो. अजून आठवलं की हसू येतं.

निघताना हिंदुराव काका जिन्यापर्यंत आले. "पोरा, तू व्हतास ना तिथं?" म्हणाले. मी म्हणालो, "होतो काका." काका वळून वॉर्डात गेले.

१३ जुलै, रविवार

आईच्या घरचा माळा उपसला. गेम सापडला. खोक्यात कॅसेट, तो एकटा रिमोट, सगळं जागच्या जागी. दिव्या म्हणाली, "बाबा, हाच गेम मोबाईलवर फुकट मिळतो." असेल. मोबाईल दोघांच्या गुडघ्यांवर मावतो का?

पिंपरी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या रिपेअरवाल्याने चालू करून दिला. त्याच्याकडचा जुना पेटीसारखा टीव्हीही घेऊन आलो. चित्र आलं तेव्हा मी रिमोट आपोआप गुडघ्यावर ठेवला.

मनात एक कल्पना आली आहे. यंदा गणपतीत मंडळातर्फे जुन्या पोरांची बेसबॉल स्पर्धा घ्यायची. ग्रुपवर टाकलं तर पंचवीस जणांनी अंगठे पाठवले. कुणी तळेगावात, कुणी रांजणगावात, सगळे कुठल्या ना कुठल्या मशीनवर. गणराज आणि मी पुन्हा जोडीने बसायचं. त्याचा अंगठा शाबूत आहे, आणि बटणाला अंगठाच लागतो. रिमोट मी धरीन. माणसाला उमेद मिळाली पाहिजे, औषधाने सगळं होत नाही.

१६ जुलै, बुधवार

विजयश्री वहिनी घरी आल्या होत्या. गणराजची बायको. चहा घेतला नाही.

कंपनीत चौकशी बसणार आहे. बटण गणराजने स्वतःच्या मर्जीने बांधलं असं ठरलं तर त्याला काढून टाकतील, आणि चूक त्याचीच म्हणून कागदावर कायमचं राहील. मग चाकणच काय, कुठेच कुणी त्याला दारात उभा करणार नाही. लाइनवर सगळेच बांधतात आणि वरच्यांना ते माहीत असतं, असं कुणी सांगितलं तर कंपनीला त्याला बसून करायचं काम द्यावं लागेल. वहिनींनी कुठल्याशा युनियनवाल्याला विचारून सगळी माहिती काढली होती.

"ज्योतीराम भाऊजी बोलायला तयार न्हाईत. त्यांची नोकरी कच्ची हाय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बोला भाऊजी. तुमचं ऐकतील. हे सारखं म्हणतात, निऱ्या हाय ना तिथं."

"वहिनी, काळजी करू नका. मी आहे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

त्या गेल्यावर जयमाला म्हणाली, "तू खरं सांगितलंस तर साहेब तुला विचारणार नाहीत का, तुला माहीत होतं तर तू काय करत होतास?" जयमालाचा स्वभावच असा आहे. चांगल्या गोष्टीत तिला आधी खड्डा दिसतो.

२२ जुलै, मंगळवार

चौकशी झाली. साहेब, एचआरची मॅडम आणि पुण्याहून आलेला एक वकील. एसी जोरात होता. चहाबरोबर काजूची बिस्किटं.

मी जाताना ठरवूनच गेलो होतो की गणराजबद्दल चांगलं बोलायचं. आणि बोललोही. कामाला वाघ आहे, कधी दांडी नाही, दारूला शिवत नाही. वकील अगदी सज्जन माणूस. म्हणाला, "तुमची लहानपणापासूनची मैत्री दिसते." मग मी जरा मोकळा झालो. बेसबॉलचं सांगितलं, एका रिमोटचं सांगितलं, आगकाडीचं सांगितलं. एचआरची मॅडम खळखळून हसली. तिच्या भावाकडेही तोच गेम होता म्हणे.

वकिलाने विचारलं, "म्हणजे बटण अडकवून ठेवायची सवय तेव्हापासूनची?"

मी म्हणालो, "आम्ही पोरं सगळेच करायचो."

"गणराजसुद्धा?"

रिमोट दोघांत एकच होता. काडी खोचलेल्या रिमोटवर त्याचाही अंगठा होताच. मी म्हणालो, "हो, सुद्धा."

मग साहेबांनी विचारलं, "निरंजन, त्या दिवशी बटण बांधलेलं तू पाहिलंस?" मी माझ्या टेबलापाशी होतो. माझं टेबल आणि प्रेस यांच्यामध्ये माल भरलेली उंच जाळीची पेटी असते. मी म्हणालो, "माझ्या जागेवरून दिसत नाही साहेब." आता हे तर खरंच आहे, कुणीही जाऊन बसून बघावं.

खोटा शब्द तोंडातून गेला नाही. तरी बाहेर आल्यावर छातीत धडधडत होतं. एसीतून एकदम उन्हात आल्यामुळे असेल.

२ ऑगस्ट, शनिवार

निकाल लागला. गणराजला काढलं. 'सुरक्षेचे नियम स्वतःहून मोडण्याची लहानपणापासूनची जुनी सवय' असं लिहिलंय म्हणे. जुनी सवय हे शब्द कुठून आले कोण जाणे. वकील लोक आपल्या साध्या बोलण्याचं काय करतील सांगता येत नाही.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की लाइनच्या सुरक्षेचं कामही आता मी बघायचं. पिवळं जाकीट दिलं. मी नको म्हणणार होतो. पण मग विचार केला, माझ्यासारखा माणूस तिथे असेल तर पोरांचं भलंच होईल. लगेच त्याचा उपयोगही केला. साहेबांना म्हणालो, "गणराजच्या घरातल्या कुणाला तरी कंत्राटावर घ्या." साहेब हो म्हणाले. एवढं तरी मित्रासाठी करता आलं. जीव भांड्यात पडला.

फोन केला तर गणराजने उचलला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

स्पर्धा झाली.

मंडपाच्या बाजूला ताडपत्रीखाली टीव्ही मांडला. बाकी जोड्या आल्या, पोटं सुटलेली, केस गेलेले, पण रिमोट गुडघ्यावर घेतला की सगळे पुन्हा आठवीत. रांजणगावच्या पिंटूने पहिलाच सिक्सर मारला तेव्हा इतका आवाज झाला की आरतीवाले बघायला आले. बायका, पोरं गोळा झाली. दिव्याच्या मैत्रिणी व्हिडिओ काढत होत्या. एका रिमोटवर दोघं खेळतात हे त्यांना नवल. मला वाटलं, आपण कॉलनीला काहीतरी परत दिलं.

गणराज येईल असं वाटलं नव्हतं. पण आला. हिंदुराव काकांबरोबर. उजवा हात खिशात. सगळ्यांनी उठून जागा दिली. माईकवर मी म्हणालो, "आपल्या कॉलनीचा चँपियन." टाळ्या पडल्या. मी रिमोट माझ्या उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि शेजारची जागा थोपटली.

तो बसला. हात खिशातून काढला. मी तो उघडा पहिल्यांदाच पाहिला. अंगठा बटणावर टेकवला. अंगठ्याला धरायला पलीकडून काही नव्हतं, त्यामुळे तो घसरत होता. मी रिमोट घट्ट धरून त्याच्याकडे तिरका केला. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसरा हुकला आणि आमचा खेळाडू बॅट टाकून चालत चालत चित्राच्या बाहेर गेला.

गणराज हळूच म्हणाला, "निऱ्या, हा आउट झालेला कुठं जातो रे? लहानपणी मला लई वाटायचं, आत बाकडं असंल, पाणी पीत असंल." मग लगेच तसाच दुसरा खेळाडू आला, तोच रंग, तोच चेहरा. गणराजने अंगठा उचलला.

मी म्हणालो, "अरे सरावाने जमेल. बोटं नसली तरी अंगठा आहे तुझा."

तो माझ्या कानाशी वाकला. लोकांना वाटलं मित्र मित्र बोलतायत. "काडी मी खोचायचो व्हय रे?" एवढंच म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारत होता, जसं काही त्याला आठवत नाही आणि मला आठवत असेल.

मला उत्तर द्यायचं होतं. पण त्याच वेळी पिंटूने माईकवर पुढच्या जोडीचं नाव पुकारलं, गोंधळ झाला. बघतो तर तो काकांच्या खांद्यावर हात ठेवून मंडपाबाहेर निघाला होता. प्रसादही घेतला नाही. अशा माणसाला उमेद तरी कशी द्यायची?

८ सप्टेंबर, सोमवार

विजयश्री वहिनी आजपासून कामावर. गणराजच्याच प्रेसवर. मी साहेबांना म्हणालो, पॅकिंगला टाका, पण पॅकिंगला जागा नाही. ज्योतीरामला शेजारच्या प्रेसवर हलवलं. पिवळं जाकीट घालून वहिनींना मी स्वतः शिकवलं. दोन्ही बटणं, दोन्ही हात, घाई करायची नाही.

"कळलं का वहिनी?"

"कळलं, सर," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "अहो, सर काय, भाऊजी म्हणा." त्या पत्र्याची थप्पी सरळ करत राहिल्या. कामाच्या ठिकाणी सर म्हणणंच बरोबर आहे म्हणा, बाकीच्यांना वेगळं वाटायला नको.

१७ सप्टेंबर, बुधवार

वहिनींचा हात हळू आहे. पण एकही पीस वाया जात नाही. साहेब म्हणाले, महिनाअखेरीला बघू.

२९ सप्टेंबर, सोमवार

परवा खंडेनवमी. मशीनची पूजा, मग दसऱ्याची सुट्टी. त्याआधी महिन्याचा सगळा माल जायला हवा. सकाळी मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या लाइनचं नाव घेतलं. अख्ख्या लाइनचा माल त्या एका प्रेसपाशी अडतोय म्हणाले.

मी लाइनवर आलो आणि सगळ्यांना म्हणालो, "बघा, दोनच दिवस आहेत. जमवा काहीतरी." याच्यापेक्षा सौम्य कसं बोलणार?

सगळे आपापल्या जागी गेले. वहिनी गेल्या नाहीत. प्रेससमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात कमरेशी पदराच्या टोकात धरलेले. आजूबाजूला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, जमवा म्हणजे काय? बटण बांधू, की नको बांधू?"

मी म्हणालो, "वहिनी, आपण बाजूला बोलू."

"बाजूला नको. ह्यांना पण तुम्ही बाजूलाच सांगितलं असणार. हितं बोला. बांध म्हणा, मी बांधते. नको म्हणा, मी दोन्ही हातांनी करते, गाडी भरो न भरो. कुठलं तरी एक तुमच्या तोंडानं सांगा. ज्योतीराम भाऊजी ऐकतायत, सगळी ऐकतायत."

ज्योतीरामने काम थांबवलं. मग त्याच्या पुढच्याने. एकामागून एक प्रेस थांबत गेले. मी या शेडमध्ये पंधरा वर्षं आहे, दिवसाढवळ्या इतकी शांतता कधी ऐकली नाही. वर पंखे फिरत असतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

दोनच शब्द होते. 'नको बांधू.' सांगणारच होतो मी. जिभेवर आले होते. पण ते म्हटलं की गाडी जात नाही, आणि गाडी का गेली नाही हे साहेब मला विचारणार. आणि मग त्यांना वाटणार, आज नको म्हणतोस, मग तेव्हा काय म्हणाला होतास? हे सगळं मनात येईपर्यंत खिशातला फोन वाजला. साहेबांचाच. वरच्या केबिनच्या काचेतून शेड दिसते.

"निरंजन, लाइन का थांबली?"

वहिनी माझ्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणालो, "काही नाही साहेब. ऑपरेटर बाई नवीन आहे. घाबरते. तिचंच चुकतंय."